संध्याकाळी उमलणारी वहिनी

आत्या कवळ्या बनवायची. रस्त्याच्या कोपऱ्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, त्याच्या मागच्या खोलीत त्यांची लॅब होती, आणि तिथं खिडकीपाशी बसून आत्या मेणात दात रोवायची, घासायची, चकचकीत करायची. त्या वस्तीतली निम्मी म्हातारी माणसं तिच्या हातचं हसत होती म्हणा ना. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटून हसलं, की आत्या आधी दात बघायची, मग माणूस. "डावीकडे टोचतंय का हो अजून?" हेच तिचं "काय, बरं आहे ना?"

खरं तर ती आत्या होती फक्त तिच्या भाचीची, भावाच्या मुलीची. पण भाची लहानपणी इतक्या मोठ्यांदा हाका मारायची, की अख्ख्या गल्लीनं ते नाव उचललं. पुढं भाची शिकायला दूर गेली, नाव मागं राहिलं. डॉक्टर तिच्याहून वयानं चांगलेच मोठे, पण तेसुद्धा "आत्या, उद्यापर्यंत ती वरची कवळी होईल का?" असंच विचारायचे.

दवाखान्यातले साचे दुपारी यायचे, त्यामुळे आत्याचं काम दुपारी सुरू व्हायचं आणि दिवे लागून बराच वेळ झाल्यावर संपायचं. सकाळ तिची स्वतःची. आणि ती सगळी सकाळ ती घराच्या मागच्या अंगणात डे-लिलीच्या वाफ्यांत घालवायची.

हे झाड ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगायचं तर लांब, वाकलेल्या गवतासारखी पानं, त्यातून वर आलेला एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला कळ्यांचा घोस. रोज एखादी कळी उमलते. सकाळी उघडलेलं फूल दिवस मावळेपर्यंत टिकतं आणि मग संपतं ते कायमचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी पिळून टाकलेल्या रुमालासारखं काहीतरी लोंबत असतं आणि शेजारची कळी उघडलेली असते. एवढ्याशा आयुष्याच्या फुलावर माणसानं किती जीव लावावा? पण आत्या नुसता जीव लावून थांबली नव्हती. तिला नव्या जाती काढायच्या होत्या.

ऊन वर आलं आणि परागावरचं दव सुकलं, की ती लॅबमधला चिमटा घेऊन वाफ्यात उतरायची. एका फुलातला पराग काढायचा, दुसऱ्या फुलाच्या मधोमध जी लांब दांडी असते तिच्या टोकाला लावायचा, आणि दांड्याला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे कोणाची सोयरीक कोणाशी झाली ते लक्षात राहतं. जमलं तर बोंड धरतं. बोंडात मिऱ्यासारखं काळं, चकचकीत बी. ते पेरायचं आणि मग बसायचं वाट बघत. दोन-तीन वर्षांनी पहिलं फूल येतं आणि तेव्हा कळतं, की हाताला लागलं ते असंतसंच काहीतरी आहे. मग ते रोप उपटून कंपोस्टच्या खड्ड्यात, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आत्याला हवं होतं दात असलेलं फूल. म्हणजे काळपट लाल पाकळी आणि तिच्या कडेला सगळीकडून बारीक, पांढरे, टोकदार दाते. तिचा भाऊ, म्हणजे दादा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तो म्हणायचा, "दिवसभर दात करून पोट भरत नाही का तुझं? आता फुलांनाही कवळी बसवणार?"

"कवळी नाही, खरे दात," आत्या म्हणायची. "येतील. आत्ता कुठं हिरड्या दिसायला लागल्यात."

उगवून आलेल्या रोपांना ओळखायला काहीतरी नाव लागतं. आत्यानं सोपा मार्ग काढला होता. ती त्यांना नातेवाइकांची नावं द्यायची. एकाचा दांडा उंच, पण जरा वारा आला की आडवा, तो मामा. एकाची पानं हिरवीगार आणि फुलाचा पत्ता नाही, तो चुलतभाऊ. एकीला इतक्या झालरी की उमलताना त्यातच अडकून बसायची, ती धाकटी मावशी. आणि एक होतं लिंबाच्या रंगाचं. दूर राहणाऱ्या एका शाळेतल्या मैत्रिणीलाही लिलीचं वेड होतं, तिनं पाठवलेल्या जुन्या पिवळ्या झाडापासून आत्यानं ते केलेलं. हे रोप कधीही बघावं तर एक फूल मान टाकून बसलेलं आणि शेजारची कळी घट्ट मिटलेली. मधलं काही नाहीच. ही वहिनी.

दादाची बायको, म्हणजे खऱ्या वहिनी, मोठ्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत मुख्य होत्या. पहाटे अंधारात घर सोडायच्या, उन्हं उतरल्यावर यायच्या. दिवसभर वाफ, ओल्या चादरींची ओझी, आणि हाताखालच्या बायकांवर ओरडून बसलेला घसा. घरी येताना कोणाशी बोलायची ताकद राहायची नाही, त्यामुळे चेहरा जरा मिटलेलाच असायचा. आत्या घरी यायची तोवर वहिनी झोपायच्या तयारीत. एका घरात राहून नणंद-भावजयीची गाठ पडायची ती जाता-येता, जिन्यात. अंगणाचीही वाटणी आपोआप झालेली. मागच्या दारापासून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत वहिनींचं राज्य, दोरीपलीकडे आत्याचं.

तर एके सकाळी लॉन्ड्रीचा बॉयलर बंद पडला आणि वहिनी लवकर घरी आल्या. आल्या तशा घरच्या चादरी धुऊन दोरीवर टाकल्या. पलीकडे आत्या वाफ्यात उकिडवी बसून, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून, त्याच मैत्रिणीशी बोलत होती. चादरीअलीकडे कोणी आहे याची तिला कल्पनाच नव्हती.

"नाही गं, आता ठरलंच माझं. वहिनीला आज उपटलं... अगं, किती सहन करायचं? दोन वर्षं थांबले, म्हटलं सुधारेल. कसलं काय! सकाळी बघावं तर तोंड सुजलेलं, मान टाकलेली. रंग म्हणशील तर धुऊन धुऊन उडालेला. आणि बुंधा केवढा पसरलाय, बघवत नाही!... छे, दादाला कशाला विचारू? त्याला काय कळतंय? खत होईल तिचं, तेवढाच उपयोग."

वहिनींनी हातातला चिमटा चादरीला लावला, शांतपणे आत गेल्या, आणि त्या दिवसापासून आत्याशी बोलणं बंद केलं.

आत्याला आधी काही कळलंच नाही. मग सुट्टीच्या दिवशी जेवताना समोर बसलेल्या वहिनी दादाला सांगायला लागल्या, "यांना म्हणावं, मीठ इकडे सरकवा." आत्या मीठ सरकवायची आणि दादाला विचारायची, "दादा, त्यांना विचार, अजून काही हवंय का." दादा बिचारा मधल्या मध्ये पोस्टमन झाला. काही दिवसांनी त्याचा धीर सुटला. वहिनींच्या सुट्टीचा दिवस होता, तो अंगणात एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत बसला होता. त्यानं बायकोला गाठलं.

"नक्की झालंय काय?"

"मला उपटलंय."

"कोणी?"

"तुमच्या बहिणीनं. मैत्रिणीला फोनवर सांगत होत्या. माझं खत करणार आहेत."

दादाला हसू आवरेना. कुंचला घसरला आणि चपलांच्या दुकानाच्या वेलांटीला नको तेवढं मोठं शेपूट फुटलं. "अगं, ते झाड! रोपांना आपल्या लोकांची नावं ठेवते ती. मामा काय, मावशी काय..."

त्याला वाटलं, आता मिटलं. कसचं मिटतंय! वहिनी उठून उभ्याच राहिल्या. "म्हणजे झाडाला माझं नाव दिलं? आणि मग उपटलं?"

"तुझा राग नाव दिलं याचा आहे, की उपटलं याचा?"

"दोन्हींचा!"

त्या तडक दोरी ओलांडून खड्ड्यापाशी गेल्या. भाजीच्या सालांखालून त्यांनी एक मरगळलेला गड्डा ओढून काढला. पानं पिवळी पडलेली, मुळांना माती सुकून चिकटलेली. तो तसाच हातात धरून त्या पलीकडच्या वाफ्यात काम करणाऱ्या आत्यासमोर उभ्या राहिल्या. आत्याच्या चिमट्यातला पराग तिथंच सांडला.

"ही मी का?"

"अहो वहिनी, ते आपलं उगीच. लक्षात राहावं म्हणून नावं ठेवते मी..."

"मामा कुठंय?"

आत्यानं मुकाट्यानं बोट दाखवलं. कोपऱ्यात मामा नेहमीसारखा आडवा पडला होता.

"मामा वाफ्यात आणि मी खड्ड्यात?"

खरं सांगायचं तर मामालाही तिनं केव्हाच उपटला असता, पण त्याच्या मुळाशी मुंग्यांचं वारूळ होतं.

"ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. "यापुढं ही माझी. हिला हात लावायचा नाही."

लॉन्ड्रीतून टाकून दिलेला एक पत्र्याचा टब घरात होता, बुडाला भोक पडलेला. वहिनींनी त्यात माती भरली, गड्डा रोवला आणि टब मागच्या पायरीशेजारी, नळाखाली ठेवला. आत्यानं दुरून बघितलं आणि मनात म्हणाली, जगणार तर आहेच, या झाडाला मरण ठाऊकच नाही, पण बघायचं काय त्यात? आणि ती आपल्या दातांच्या मागं लागली.

पुढच्या हंगामात टबातून एक दांडा वर आला.

वहिनींचा एक नेम होता. कामावरून आलं, की बूट काढायचे, बादलीत गरम पाणी घ्यायचं आणि मागच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायचे. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहून पायांचे ओंडके व्हायचे. त्या दिवशीही त्या अशाच बसल्या होत्या, डोळे अर्धवट मिटून. शेजारी काहीतरी हललं. त्यांना वाटलं, सरडा असेल. वळून बघतात तर टबातली कळी. वरचं टोक फुटलं होतं, एक पाकळी मागं कलली, मग दुसरी, आणि वहिनींच्या डोळ्यांदेखत ते फूल उघडलं. फिकं लिंबाच्या रंगाचं, लांब निमुळत्या पाकळ्यांचं, आतून जरा हिरवट. वासही होता, लिंबाची साल सोलताना येतो तसा, अगदी पुसटसा. पाणी थंड झालं तरी वहिनींनी पाय बाहेर काढले नाहीत.

त्यांनी हे कोणालाही सांगितलं नाही. म्हणजे दादाला सांगितलं, पण शपथ घालून. दुसऱ्या दिवसापासून दोघं चहाचे कप घेऊन संध्याकाळी पायरीवर बसायला लागली, सिनेमाला बसल्यासारखी. गुपित पोटात ठेवणं दादाला जड जात होतं. तो सकाळी आत्याला उगीच विचारायचा, "काय गं, तुमच्या लिलीला वास असतो का?"

"नसतो. जुन्या पिवळ्यांना असतो थोडाफार. का रे?"

"काही नाही. असंच आपलं."

दुसऱ्यांचे दात करणाऱ्या आत्याचे स्वतःचे दात बघायला कोण होतं? तिची अक्कलदाढ बरेच दिवस दुखत होती आणि ती लवंगेवर दिवस काढत होती. शेवटी एका संध्याकाळी डॉक्टरांनी तिच्या हातातली कवळी काढून घेतली, तिला रुग्णांच्या खुर्चीवर बसवलं आणि दाढ उपटली. तोंडात कापसाचा बोळा कोंबून सांगितलं, "घरी जा. बोळा चावून धर आणि बोलू नकोस." आत्याला गप्प बसवायची ही संधी त्यांनी किती वर्षांनी साधली असेल!

एक गाल भोपळ्यासारखा. असलं तोंड गल्लीला दाखवायला नको म्हणून आत्या मागच्या फाटकानं आली. बघते तर पायरीवर दादा आणि वहिनी, हातात कप, आणि दोघांच्या मध्ये ताठ मानेनं पूर्ण उमललेलं एक फूल. बाकीच्या वाफ्यांत दिवसभराची फुलं मलूल होऊन लोंबत होती. हे एकटंच ताजं.

"अँ?" आत्या म्हणाली. "हे... ओण?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

"आही! वहिई... ई... अंध्याकाई..."

"बोलू नका, रक्त येईल. बसा." वहिनींनी तिला स्वतःच्या जागेवर बसवलं. आणि मग, नणंद उलट काही बोलू शकत नाही अशी वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आल्यामुळे, त्या बोलायला लागल्या.

"वन्सं, मी या घरात आले तेव्हापासून तुमच्या फुलांचं कौतुक ऐकतेय. आज हे काय सुंदर उमललं, काल ते काय सुंदर उमललं. मी निघते तेव्हा कळ्या असतात, मी येते तेव्हा चोथा. सुट्टीच्या दिवशी म्हणाल, तर सुट्टीच्या दिवशी मला फुलं दिसत नाहीत, उशी दिसते. मी मनाशी धरून चालले होते, की ही फुलं सकाळी मोकळ्या असणाऱ्या माणसांची. आपला संबंध नाही. आणि मग ही बया. मी घरी येते, बूट काढते, आणि ही उघडते. वाट बघत असल्यासारखी." त्या थांबल्या. "आणि हिला तुम्ही तोंड सुजलेली म्हणालात. आज आरशात बघा."

दादा कपात तोंड घालून हसत होता. आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दाढेमुळे, असं ती पुढं सगळ्यांना सांगायची, आणि कोणी फार खोदून विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती टबापाशी गेली. कालचं फूल मान टाकून बसलं होतं, शेजारची कळी घट्ट मिटलेली. तिनं दोन वर्षं बघितलं होतं अगदी तसंच. आत्या पायरीवर बसून राहिली. ती रात्रीची जागी असलेली फुलं सकाळी तपासत होती आणि आळशी म्हणून नापास करत होती. आणि हे एकच कशावरून? पूर्वी त्या जुन्या पिवळ्याची आणखी पोरं तिनं अशीच बिनदिक्कत खड्ड्यात टाकली होती. त्यांतली किती संध्याकाळी उघडत होती, देव जाणे. त्यांचं आता खत होऊन त्यावर भोपळे येऊन गेले होते. त्या सकाळी आत्यानं चिमटा हातात धरलाच नाही.

पण स्वभावाला काय करणार? चार दिवसांत गाल उतरला आणि तिच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. संध्याकाळी उघडणारं आणि दात असलेलं, असं एक फूल निघालं तर! जिन्यात तिनं वहिनींना गाठलं.

"वहिनी, तुमच्या झाडाचं... म्हणजे तुमचं... जरा एक विचारायचं होतं."

"विचारा."

"तिची सोयरीक करायची होती. माझ्या दातवाल्यांशी."

वहिनींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण त्या आठ्यांत पूर्वीचा राग नव्हता. "आधी मुलगा दाखवा," त्या म्हणाल्या.

खरी अडचण वेळेची होती. दातवाली फुलं सकाळची आणि हे संध्याकाळचं, आणि संध्याकाळी आत्या लॅबमध्ये. तेव्हा ठरलं असं, की आत्यानं सकाळी पराग काढून कवळीच्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि संध्याकाळी वहिनींनी तो लावायचा. पहिल्याच दिवशी दादानं डबी उघडली आणि त्यातली पिवळी पूड हळद समजून चिमूटभर आमटीत टाकली. ती सोयरीक तिथंच मोडली.

वहिनींना चिमटा धरायला शिकवणं सोपं गेलं नाही. ओल्या चादरी पिळणारे हात ते, पहिल्या दोन दांड्या त्यांनी मोडल्याच. मग जमायला लागलं. आत्या रात्री घरी आली, की झोपायला निघालेल्या वहिनींना दुसऱ्या दिवसाच्या सूचना द्यायची, लाल दोरा म्हणजे हा, पांढरा म्हणजे तो, टोकालाच लावा, पसरू नका. वहिनी मान डोलवायच्या. पण दातवाल्यांशी लावलेली एकेक गाठ काही दिवसांत वाळून गळून पडायची. काही जातींचं एकमेकींशी जमतच नाही, ती घडणच वेगळी असते, हे आत्याला माहीत होतं. तरी तिनं हट्ट सोडला नव्हता.

आणि मग वहिनींच्या सुट्टीच्या एका सकाळी तिला टबातल्या दांड्यावर एक गुबगुबीत हिरवं बोंड दिसलं. दोरा कुठलाच नाही.

"वहिनी, हे कोणाचं?"

वहिनी पायरीवर बूट पुसत बसल्या होत्या. "मामाचं."

"मामाचं? त्या आडव्याचं? मी तुम्हाला इतके चांगले पराग काढून देते, आणि तुम्ही मामाचा लावलात?"

"तुमचे डबीतले लाडके रोज गळतात. मामा संध्याकाळीसुद्धा थोडा उघडा असतो. समोर दिसला, लावला. तुम्हीच म्हणता ना, आधी काय निघतं ते कळत नाही?"

आत्याचा जळफळाट झाला, पण बोंड तोडायला हात धजावला नाही. बी पिकलं, पेरलं, उगवलं. वाफा दोरीच्या बरोबर खाली केला, म्हणजे कोणाच्याही राज्यात नको. या रोपांना नावं ठेवायची नाहीत अशी वहिनींची अट होती, आणि आत्यानं ती पाळली. निदान मोठ्यानं तरी.

पहिली फुलं आली त्या हंगामात आत्यानं डॉक्टरांना सांगून कामाच्या वेळा बदलून घेतल्या. काही दिवस तरी ती संध्याकाळी घरी असायची. बरीचशी रोपं काहीच्या काहीच निघाली. काही मामासारखी लोळली, काही सकाळीच उघडली. पण एक दांडा निघाला मामाइतका उंच आणि तरी ताठ. त्याच्यावर दुपार कलली की फूल उघडायचं, पिकल्या जर्दाळूच्या रंगाचं, आतला घसा पिवळा, वास आईचाच पण जास्त मोकळा, आणि ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकायचं. दात? एकही नाही. बोळकं. आत्यानं पाकळीच्या कडेवरून बोट फिरवून बघितलं, आणि तरीसुद्धा ती त्याच्यासमोरून उठली नाही.

बागप्रेमींच्या मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन भरायचं. अध्यक्ष होते निवृत्त स्टेशनमास्तर. परीक्षण सकाळी दहाला. फुलाचा दांडा कापून बाटलीत ठेवायचा, म्हणजे त्यावरचं आदल्या संध्याकाळचं फूल दहाला असायचं, पण प्रवासानं आणि उन्हानं कडा उतरलेल्या. आत्या मुद्दाम त्यांच्या घरी गेली.

"हे एक फूल संध्याकाळी बघायला याल का?"

"बाई, परीक्षण दहाला असतं. फुलानं वेळेवर यायला हवं."

"ते वेळेवरच येतं. तुम्ही लवकर येता."

स्टेशनमास्तरांना आयुष्यात कोणी लवकर आल्याचा दोष दिला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पण दहाचे सहा काही केले नाहीत. आत्यानं प्रदर्शनात आपलं एक गडद लाल फूल ठेवलं, पाकळ्यांना दोन-चार ठिकाणी दुधाचे दात फुटलेलं, आणि तिला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. ते तिनं फ्रिजवर लावलं. घरी येताना मात्र ती धुसफुसत होती, आणि तीही वहिनींच्या फुलासाठी. दादाला फार गंमत वाटली.

"तूच उपटली होतीस ना हिच्या आईला?"

"म्हणून तर मला कळतंय ते मंडळवाले काय करतायत ते!"

मग वहिनींनीच मार्ग काढला. त्यांनी लॉन्ड्रीतल्या बायकांना सांगितलं, कामावरून जाताना वाट वाकडी करून या. सगळ्या आल्या, ओल्या बाह्यांच्या, थकलेल्या, कोणाला बस गाठायची होती, कोणाचं पोर शेजारी ठेवलेलं. "फूल काय बघायचं, मॅडम? आम्ही येतो तोवर..." असं म्हणत एकीनं दोरीखालून मान काढली आणि मागचीला हातानंच जवळ बोलावलं. दिवसभर वाफेत ओरडून बोलणाऱ्या त्या बायका अंगणात कुजबुजायला लागल्या. एक थोराड बाई खालीच बसली, फुलाच्या पुढ्यात, पाय पसरून, आणि मोठा श्वास सोडून म्हणाली, "सुटले गं बाई!"

वहिनींनी दादाकडे बघितलं. "लिहा," त्या म्हणाल्या. "हेच नाव."

आत्यानं तोंड उघडलं. जातीला नाव काहीतरी भारदस्त असावं, असं तिच्या मनात होतं, माणिक म्हणा, पहाट म्हणा. पण वहिनींचा चेहरा बघून तिनं तोंड मिटलं. दादानं एका छोट्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत रंगवलं: "सुटले बाई".

पुढच्या दोन वर्षांत त्या एका गड्ड्याचे फुटवे काढून लॉन्ड्रीतल्या बायका घेऊन गेल्या, कोणी बादलीत, कोणी तेलाच्या डब्यात. त्यांच्याकडून ते परिचारिकांकडे गेलं, तिकीट खिडकीवरच्या मुलीकडे गेलं, आणि कुठं कुठं गेलं ते सांगता येणार नाही. मंडळाच्या यादीत ते आजही नाही. स्टेशनमास्तर मात्र एकदा संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखे फाटकावरून दोनदा गेले, तिसऱ्यांदा थांबले आणि म्हणाले, "सहज चाललो होतो." वहिनींनी त्यांना चहा दिला. त्यांनी फूल बराच वेळ बघितलं आणि जाताना घड्याळ बघायचं विसरले.

आत्या अजून दातांच्या मागं आहे. परवा सुट्टीच्या संध्याकाळी बस कंडक्टरच्या वर्दीतली एक अनोळखी बाई मागच्या फाटकाशी आली. "ते कामावरून आल्यावर दिसणारं फूल इथंच मिळतं का?" तिनं विचारलं. आत्यानं तिला आत घेतलं आणि झाडाची सगळी कुळकथा सुरू केली, आजी कोण, मैत्रिणीनं कुठून पाठवलं, कुठल्या जोड्या जमल्या नाहीत आणि का. बाई बिचारी ऐकत होती, एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत. वहिनींनी तोवर फुटवा खणून ओल्या फडक्यात गुंडाळला होता. तो तिच्या हातात देत त्या म्हणाल्या, "आधी बूट काढ आणि बस. यांचं संपायला वेळ लागेल."